भट्टीवर कुणाचं नाव सांगू, देवका?

देवका,

ईशाचा फोन आला आणि तिने तुझ्यामाझ्यात एक भांडण लावून दिलं. तू नाहीस, म्हणून दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतंय.

ती म्हणाली, "आजी, लहान आजीची नानकटाई कशी करायची? यंदा डबा येणार नाही ना. मी आणि ओम इथेच करू म्हणतोय, दिवाळीच्या आधीच्या रविवारी. ओव्हन आहे, मैदा आहे, तूपसुद्धा मिळालं. तू फक्त कृती पाठव."

मी म्हटलं, "अगं, ती लहान आजीची नाही. माझ्या वहीतली आहे."

"हो का?" ईशा म्हणाली. कॅनडाहून आलेला तो 'हो का' फार सभ्य होता. मागून ओमचा आवाज आला, "पण करायची तर लहान आजीच ना?"

तुला जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. मी वही काढली, चष्मा लावला, आणि पान उघडून बसले. माझंच अक्षर. मैदा पाचशे ग्रॅम. बेसन पन्नास, रवा पन्नास. पिठीसाखर तीनशे. तूप पावणेचारशे. वेलदोडे दहा, सोडा चिमूटभर. या पानाचा फोटो काढून पाठवला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. मी तो पाठवला नाही. का नाही पाठवला, ते तेव्हाही कळलं नाही. काहीतरी खटकलं एवढंच.

हे पत्र मुलंही वाचणार आहेत, म्हणून आपली ओळख थोडी नीट करून देते. तू हसशील, पण मुलांना अर्धवट सांगायची मला सवय नाही.

मी या घरात नागपूरहून आले. कॉन्व्हेंटात शिकलेली, इंग्रजी शिकवणारी, उशांच्या अभ्र्यांची आणि चादरींची यादी करून ठेवणारी. तू माझ्यामागून तीन वर्षांनी केशोरीहून आलीस. आठवी झालेली, धाकट्या दिरांची बायको. पहिल्या दिवशी तू माझ्या मसाल्याच्या डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचल्यास आणि विचारलंस, "बाई, हळदीवर हळद कायले लिहून ठेवली जी? ती पिवळी दिसत नाही काय?" मी त्यावर काहीतरी उत्तर दिलं असणार. मला माझी उत्तरं आठवत नाहीत. तुझे प्रश्न मात्र सगळे आठवतात.

भावजी लग्नानंतर सहा वर्षांनी गेले. तू माहेरी गेली नाहीस. माझा आशुतोष तुझ्या मांडीवर मोठा झाला, त्याची ईशा आणि ओम तुला लहान आजी म्हणू लागले. मुलांनो, यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे. जे माहीत नाही ते पुढे आहे, आणि ते मलाही दोन आठवड्यांपूर्वीच कळलं.

देवका, आपलं नानकटाईचं काम कसं चालायचं ते आठव. दिवाळीच्या आठ दिवस आधी मी तराजू काढायची. एकेक जिन्नस तोलून परातीत घालायची आणि वहीत बरोबरची खूण करायची. मग तू पदर खोचून बसायचीस आणि तूप-साखर तळहाताने फेसायचीस. वाटीभर पाण्यात थेंब टाकायचा, तो तरंगला की पुरे. एवढी एकच परीक्षा तुला मान्य होती. गोळे करून, मधोमध पिस्त्याचा तुकडा दाबून, पत्र्याच्या दोन डब्यांत भरून तू ऑटोने बाजारातल्या भट्टीवर जायचीस. त्या आठवड्यात सगळ्या गोंदियाच्या बायका तिथे डबे घेऊन बसलेल्या असतात. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी, आणि आपला ट्रे बाहेर येईपर्यंत हलायचं नाही, नाहीतर दुसऱ्याची नानकटाई घरी येते. मी त्या गर्दीत कधी आले नाही. मला वाटायचं, मापं माझी आहेत, म्हणजे महत्त्वाचं काम झालं. पुढे नुसतं भाजणं.

आशुतोषने ओव्हन आणला तेव्हा मी तुला म्हटलं, आता भट्टीची पायपीट बंद. तू दाराची काच उघडून आत डोकावलीस. "बाई, भट्टीची आच चहूकडून लागते. हा त दिवा लावून ठेवलेला डब्बा आहे." पुढच्या आठवड्यात मी ओव्हन उघडला तर आत पापड. "कोरडी जागा आहे जी, वाया काऊन घालवायची?" बारा वर्षं त्या ओव्हनमध्ये पापड राहिले. या वादाचा निकाल लागायचाच राहिला. तू दरवर्षी म्हणायचीस, "पुढल्या साली तुमच्या डब्ब्यात करून पाहू," आणि दरवर्षी भट्टीवर जायचीस.

यंदा मला पापड बाहेर काढावेत की नाही, हेच कळेना.

कारण यंदा आपल्या घरात कढई चढवायची नाही. तू गेलीस त्या वर्षाची पहिली दिवाळी. घरात तळण नाही, गोडधोड नाही. शेजारीपाजारी ताट आणून देतील ते तोंडात घालायचं. हे सगळं मला ठाऊक आहे, पण मला नेमके नियम कधीच ठाऊक नव्हते. ते तुझं खातं होतं. ओव्हन म्हणजे कढई का? त्यात तेल नाही, तळण नाही. नुसती आच आहे. मी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करून चालेल आणि चालणार नाही अशी कारणं लिहिली. दोन्हीकडे सारखीच झाली. मग माझ्या लक्षात आलं की हे विचारायला मी सवयीने तुझ्या खोलीकडे निघाले होते.

तेवढ्यात वत्सला आली.

मुलांनो, वत्सला म्हणजे गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या आपल्या घराच्या उजवीकडची. अंगणवाडीत शिकवायची. बुद्धपौर्णिमेला तिच्याकडून खीर येते आणि तुम्ही ती भांडं बोटाने निपटून खायचात, तीच. ती ओट्याजवळ उभी राहिली, दोन रकान्यांचा कागद वाचला आणि म्हणाली, "मोठ्या बाई, एवढा विचार कायले करता? माझ्या घरी करा. देवकानंबी तसंच केलं होतं."

"कधी?"

"साहेब गेले त्या साली."

हे गेले त्या वर्षी, देवका. त्या वर्षीही कढई चढली नव्हती. मी खोलीतून बाहेर पडत नव्हते. दिवाळीच्या पहिल्या दिवशी तू ताट घेऊन आलीस आणि म्हणालीस, "वत्सलाकडून आलं." ताटात चकली नव्हती, शेव नव्हती. नुसत्या नानकटाया. मी एक खाल्ली. दिवसभरात पोटात गेलेलं तेवढंच.

वत्सलाने खुर्ची ओढली. "बाई, आमच्या घरी दिवाळी असते का कधी? माझ्याकडं नानकटाई कुठून आली असं तुम्हाला वाटलं?"

मी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या. एक स्वल्पविराम चुकला तरी माझ्या नजरेतून सुटायचा नाही. पण हे मला एकदाही सुचलं नाही.

"तिनं माझ्या परातीत पीठ मळलं," वत्सला सांगत होती. "तुमच्या घरची दिवाळी, अन् भट्टीवर डब्यावर चिठ्ठी माझ्या नावाची! भट्टीवाला मले म्हणते, 'वत्सलाबाई, आप कब से दिवाली मनाने लगीं?' देवका बाजूले उभी, पदर तोंडात कोंबून हसून राहिली होती. घरी येताना मले म्हणाली, 'बाईनं चार दिवस काही खाल्लं नाही. नानकटाई खाईल. पण माझ्या हातची आहे सांगितलं त सुतकात कायले केली म्हणून रागावेल.' शपथ घातली होती तिनं मले. आता ती नाही, म्हणून सांगतो."

आणि मी काय केलं होतं, ते वत्सलाला सांगायची गरज नव्हती. तिला पाठ होतं. मी ती नानकटाई खाल्ली आणि तुला म्हटलं, "चव बरी आहे, पण बेसन जास्त झालंय. वत्सलाला सांग, असं अंदाजाने करू नये." मग मी माझ्या वहीतून कृती उतरवून दिली, खाली सूचना लिहिल्या, आणि तुझ्याच हाती तिच्याकडे पाठवली. तू तो कागद घेतलास. चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. "हो जी बाई, देतो नेऊन," म्हणालीस.

"दिला तिनं मले," वत्सला म्हणाली. "आम्ही दोघींनी वाचला. तुम्ही खाली लिहिलं होतं, 'मापात शिस्त हवी.'"

मला हसू आलं नाही, देवका. मला राग आला. तुझ्यावर, वत्सलावर, कोणावर ते ठरवता येईना. वत्सला गेल्यावर मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. तुम्ही दोघी भिंतीपलीकडे माझा कागद वाचून हसलात, आणि त्याच दुपारी तू माझ्या पायांना तेल लावून दिलंस. ही दोन्ही कामं एकच बाई कशी करते? मी तुला वेडी वाटत होते का? की लहान मुलासारखी, जिला काही खरं सांगायचं नसतं? आणि तू मला खरं सांगितलं असतंस तर मी ती नानकटाई खाल्ली असती का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे आणि ते मला आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही आणि तराजू घेऊन वत्सलाच्या घरी गेले. मुलांना कृती पाठवायची तर ती आधी करून पाहायला हवी. आणि खरं सांगायचं तर मला हेही सिद्ध करायचं होतं की मापं बरोबर आहेत. वत्सलाने परात दिली. मी सगळं तोललं, तुझ्यासारखं तूप फेसलं, थेंब पाण्यावर तरंगला. आम्ही दोघी ऑटोने भट्टीवर गेलो. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा तिथे उभी होते. आच दारापर्यंत येत होती. बायका डब्यांपाशी बसून गप्पा मारत होत्या. कोणी मला ओळखत नव्हतं.

भट्टीवाल्याने कानावरची पेन्सिल काढली. "किसके नाम से लिखूँ, माताजी?"

माझं नाव सांगावं तर यंदा आपल्या घराचं नाव तिथे यायला नको. वत्सला शेजारी उभी राहून छताकडे बघत होती. खोटं नाव सांगणं मला जमत नाही हे तिला ठाऊक आहे. क्षणभर तुझंच नाव जिभेवर आलं. मग मी म्हटलं, "वत्सलाबाई."

"वत्सलाबाई तो ये खड़ी हैं."

"मैं भी वत्सलाबाई," मी म्हटलं. मागच्या बाकावरच्या दोघी जणी हसल्या. वत्सला इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तेव्हा मला कळलं तुला पदर तोंडात का कोंबावा लागला होता. पण मला हे तुझ्याशिवाय कळलं, आणि त्यामुळे मी हसता हसता थांबले.

ट्रे बाहेर आला. नानकटाई नव्हतीच ती. गोळे पसरून एकमेकांना चिकटले होते आणि ट्रेभर एक मोठी, कडेला करपलेली पोळी झाली होती. भट्टीवाल्याने उलथण्याने तिचा कोपरा उचलून पाहिला आणि सभ्यपणे म्हणाला, "माताजी, टूट जाएगी, पर खाने में अच्छी होगी."

मी घरी येऊन हिशेब पुन्हा मांडला. ही कृती मी लग्नाआधी आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेकडून उतरवली होती, औंसांत. ग्रॅम मी केले होते. भागाकार, गुणाकार, सगळं तपासलं. कुठे चूक नाही. मग आपल्या घरचं तूप त्यांच्या तुपापेक्षा सैल असेल का? मैदा बदलला असेल का? आकडे बरोबर आहेत आणि नानकटाई होत नाही, या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या ते मला अजूनही समजलेलं नाही.

वत्सलाने ते तुकडे एका ताटलीत घेतले आणि चहात बुडवून खात बसली. "बाई, सांगू का? रागवू नका. तुम्ही दरवर्षी मापं टाकून आंघोळीला जात होत्या ना? तेव्हा देवका वरून बेसन टाकत होती. एक मूठ. कधी दीड. हाताला बरं लागेपर्यंत."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"मला का नाही सांगितलं?"

वत्सलाने आणखी एक तुकडा चहात बुडवला. "तिले मीबी हेच विचारलं होतं. ती म्हणाली, 'बाई वहीत खूण करते तेव्हा किती खूश दिसते.'"

देवका, हे वाक्य घेऊन मी तेव्हापासून घरात फिरते आहे. कधी ते मला मायेचं वाटतं. कधी वाटतं, एवढी वर्षं मी एका खोट्या खुणेवर खूश होते. सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. कुणी मोठं माणूस असतं तर विचारलं असतं, पण आता घरात मीच मोठी आहे. मी तुझे आभार मानायला बसते आणि मध्येच तुला रागावते. आणि रागावता रागावता आठवतं की आशुतोषला गोवर झाला तेव्हा तू पाच रात्री बसून काढल्यास आणि सकाळी मला म्हणालीस, "झोपला होता तो, काही त्रास नाही दिला." म्हणजे तेही खोटंच असणार. अजून काय काय खोटं सांगितलंस गं? मी कुठून कुठून तपासायला सुरुवात करू?

आणखी एक आहे, जे मी आजवर मुलांनाही सांगितलेलं नाही. दवाखान्यात नवव्या दिवशी तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "बाई, तुमच्या त्या वहीत..." तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली, मी उठून बाजूला झाले, आणि परत येईपर्यंत तुला झोप लागली होती. मला वाटलं, तापात बोलतेय. आता वाटतं तू हेच सांगणार होतीस. किंवा वहीत कुणाचा पत्ता शोधायचा होता. किंवा नुसतंच काहीतरी. मला कळण्याचा काही मार्ग नाही. मी विचारायला हवं होतं. पुढचे दोन दिवस होते, मी विचारलं नाही. तू थकशील म्हणून.

रविवार आला. त्यांच्याकडे सकाळ, आपल्याकडे संध्याकाळ. मी मुलांना वहीच्या पानाचा फोटो आधीच पाठवला होता, आणि खाली लिहिलं होतं, "बेसन: वर दिलेलं पन्नास ग्रॅम, शिवाय एक मूठ. लहान आजीची." नियमाचं म्हणशील तर कॅनडातल्या ओव्हनला आपलं सुतक लागतं का, हेही मी कुणाला विचारलं नाही. वत्सला माझ्या शेजारी बसली होती. पडद्यावर ईशा कोपरापर्यंत पिठात, आणि ओम फोन धरून.

"आजी, झालंय सगळं. फक्त मूठ राहिली. मूठ म्हणजे किती?"

"मूठ म्हणजे मूठ."

"कोणाची? माझी की ओमची? ओमची तर केवढी आहे."

"लहान आजीची."

"ती केवढी होती?"

आणि मला सांगता येईना, देवका. अकरा दिवस तुझा हात माझ्या हातात होता. ताप किती, नाडी किती, सलाईन किती वाजता लावलं, सगळं मी कागदावर लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांनीही तो कागद पाहून कौतुक केलं होतं. पण तुझा हात केवढा होता, मोठा की लहान, बोटं कशी होती, ते मला डोळ्यांपुढे आणता येईना. मी वत्सलाकडे पाहिलं. तिनेही आपला हात उघडून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली.

ईशाने बेसन मुठीत घेतलं आणि मूठ कॅमेऱ्यासमोर धरली. पीठ बोटांच्या फटींतून गळत होतं. "एवढी?"

मी चष्मा पुसून पडद्याजवळ सरकले.

"आजी? एवढी का?"

"थोडी लहान."

तिने बोटं जरा आवळली. "आता?"

"हो. टाक."

ओम म्हणाला, "आजी, ग्रॅममध्ये सांग ना, म्हणजे पुढच्या वर्षी लिहून ठेवता येईल."

"मला माहीत नाही रे," मी म्हटलं. "मळून बघा. हाताला कसं लागतंय?"

ईशाने मळलं. मग ती म्हणाली, "अजून चिकटतंय."

"मग अजून थोडं."

"थोडं म्हणजे?"

"तुझ्या मनाने टाक," मी म्हटलं.

बरोबर सांगितलं का गं मी?